डाव्या हाताचं प्रोटीन

नवघरच्या श्रीसमाधान सोसायटीची लिफ्ट अडकते, यात नवीन काही नाही. अधूनमधून ती कुणाला ना कुणाला धरून ठेवतेच. नवीन एवढंच, की या खेपेला तिने खुद्द सेक्रेटरीला धरलं होतं.

सेक्रेटरी म्हणजे गुणवंत काका पेडणेकर. गिरगावातून इथे राहायला आले त्याला जमाना झाला, पण अजून सोसायटीचा कारभार चाळीच्या गॅलरीतून केल्यासारखा करतात. त्यांच्या शेजारी तिसऱ्या मजल्यावरची रसिका. डाव्या पायाला प्लास्टर, काखेत कुबडी, छातीशी उघडा लॅपटॉप, खांद्याला झोळी. आणि दोघांच्या मध्ये, माशांची पाटी पायाशी टेकवून, मोरव्याची सरूबाई.

"मासळीवाल्यांना लिफ्ट वापरायला मनाई आहे. खाली बोर्ड आहे," काका म्हणाले. लिफ्ट थांबून अजून एक श्वासही घेऊन झाला नव्हता.

"बोर्ड हाय ना, मंग बोर्डाला सांग लिफ्ट चालवाया," सरूबाई म्हणाली.

लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. तिसरा आणि चौथा यांच्या बरोबर मधोमध ती लटकली होती. समोर जाळीतून बघावं तर खाली नुसती स्लॅबची भिंत, आणि वर, डोक्याच्या उंचीला, हातभर फट. त्या फटीतून चौथ्या मजल्याची फरशी आणि चपलांचं स्टँड दिसत होतं. मागच्या भिंतीला मोठा आरसा. आरशाच्या वरच्या कडेला लाल रंगात लिहिलेलं: 'कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ, पेडणेकर परिवारातर्फे सप्रेम भेट.' त्यातला 'कै.' अशा जागी आला होता, की आरशात बघणाऱ्याच्या बरोबर टाळक्यावर बसायचा. सगळी सोसायटी रोज कामाला जाताना एकदा कैलासवासी होऊन जायची.

रसिकाने घड्याळ पाहिलं. चारला मीटिंग होती. आणि त्या मीटिंगमध्ये तिच्या नोकरीचं काय ते ठरणार होतं.

गटाराच्या कामवाल्यांनी दुपारी तिच्या नेटची वायर कुदळीने तोडली होती. मोबाईलला या इमारतीत रेंज मिळते ती फक्त गच्चीवर, नाहीतर सातव्या मजल्यावर मिनलच्या बाल्कनीत. म्हणून ती मिनलकडे निघाली होती. पाय धड असता तर जिन्याने गेली असती. पण पाय धड नव्हता, कारण सोसायटीच्या जिन्यावरच्या नवीन गुळगुळीत टाइल्स गुणवंत काकांनी निवडल्या होत्या.

"अनुष्का! अगं अनुष्का!" रसिकाने फटीकडे तोंड करून हाक मारली.

चौथ्यावर दोन पाय आले. निळी नेलपॉलिश, एका पायात पैंजण. मग पाय वाकले आणि अनुष्काचा चेहरा आडवा होऊन फटीत आला.

"अय्या, अडकलात? कोण कोण आहे?" तिने आत नजर टाकली आणि तिचा चेहरा उजळला. "काका पण! अमोल, अहो बाहेर या, काका अडकलेत!"

अमोल म्हणजे अनुष्काचा नवरा. मागच्या निवडणुकीत तो काकांच्या विरोधात उभा होता. आतून त्याचं खदखदणं ऐकू आलं, पण तो बाहेर आला नाही. ऑफिसच्या कॉलवर होता.

"हसायला काय झालं? जितेशला फोन लाव," काका गरजले. जितेश म्हणजे लिफ्टवाला.

अनुष्काने फोन लावला. "फाटकाजवळ आहे म्हणतोय. पोचतोच म्हणाला."

जितेशला जेव्हा केव्हा फोन लावा, तो भाईंदर फाटकाजवळच असतो.

"रसिका!" खालून, तिसऱ्यावरून, आईचा आवाज आला. अंबिकाताईंना लिफ्टमधलं काही दिसत नव्हतं, म्हणून त्या दुप्पट मोठ्याने बोलत होत्या. "अगं घाबरू नकोस! अहो पेडणेकर, तिला आधी सोडवा हो, आज तिच्या नोकरीचा निकाल आहे! नाही झालं तर या महिन्याअखेर घरी बसायचंय!"

"आई, हळू बोल!"

"त्यात काय लाजायचं? सगळ्यांना माहितीय!"

खरंच सगळ्यांना माहीत होतं. रसिका मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत होती, आणि तिचं काम आईने सगळ्या सोसायटीला एका वाक्यात समजावलं होतं: 'ती प्रोटीनच्या सोयरिकी जुळवते.' रसिकाला याचा संताप यायचा. पण विचार केल्यावर तिलाही याहून बरं वाक्य सुचलं नव्हतं.

भानगड अशी होती. एकच प्रोटीन, आणि त्याचे फोटोग्राफर तीन. एक तिच्या सुचेता मॅडम. त्यांच्याकडे मोठा मायक्रोस्कोप. त्या प्रोटीन बर्फात गोठवून त्याचे लाखो धूसर फोटो काढायच्या, आणि सगळ्यांची बेरीज करून एक ढग तयार करायच्या. प्रोटीनच्या आकाराचा ढग. दुसरे उत्तम सर. ते प्रोटीनचे मिठाच्या खड्यासारखे स्फटिक बनवून त्यावर एक्स-रे सोडायचे, आणि त्यांच्याकडे कण न् कण जागच्या जागी बसलेला सांगाडा असायचा. तिसरे लोहचुंबकवाले. ते एकदम वीस आकार द्यायचे आणि 'यातला आवडेल तो घ्या' म्हणायचे, म्हणून त्यांना मीटिंगला कुणी बोलवत नसे.

या सगळ्यांची माहिती लिहून ठेवायची पद्धत वेगवेगळी. शून्य कुठे धरायचं, आधी लांबी मोजायची की उंची, सगळ्यांचं आपापलं. रसिकाने एक प्रोग्रॅम लिहिला होता, जो मॅडमच्या ढगाची माहिती उत्तम सरांच्या सॉफ्टवेअरला कळेल अशी करून द्यायचा. मग सरांचा सांगाडा मॅडमच्या ढगात बसवायचा. पाय चपलेत बसावा तसा.

तो बसत नव्हता.

इकडून घाला, तिकडून घाला, कुठून तरी कोपर बाहेर यायचंच. तिने शून्य सरकवून पाहिलं, माप लहानमोठं करून पाहिलं. मॅडम म्हणायच्या, सरांचा स्फटिक बिघडलाय. सर म्हणायचे, मॅडमचा मायक्रोस्कोप रंगपंचमी खेळून आलाय. एवढं म्हणून ते थांबले नव्हते. त्यांनी आपल्या सांगाड्याचा प्लास्टिकचा नमुना छापून कुरिअरने रसिकाच्या घरी पाठवला होता, वर चिठ्ठी: 'प्रोटीन असं असतं. मॅडमनाही दाखव.' तो मुठीएवढा वेडावाकडा पिवळा ठोकळा आत्ता तिच्या झोळीत होता. टोचत होता.

"अनुष्का, तुझ्या वायफायचा पासवर्ड दे ना. प्लीज."

अनुष्काचं वायफायचं डबडं चपलांच्या स्टँडवरच होतं. त्याचे हिरवे दिवे फटीतून रसिकाला दिसत होते. तहानलेल्याला नळाची तोटी दिसावी तसे.

अनुष्काने एकदा आतल्या दाराकडे बघितलं आणि खाली वाकली. "कुणाला सांगू नका हां. 'पेडणेकरहटाव', सगळं एकत्र. इंग्रजीत."

काकांनी आरशाकडे तोंड फिरवलं. त्यांच्या डोक्यावर 'कै.' होतं.

वायफाय मिळालं, पण लहरी. लॅपटॉप फटीजवळ, उंच धरला तरच चालायचं. रसिका एका पायावर उभी, हात वर नेता येईना. "काका, जरा धरता का?"

"मी?"

"तुम्हीच उंच आहात."

स्तुती लागू पडली. काकांनी लॅपटॉप डोक्याच्या वर धरला, गणपती विसर्जनाला निघाल्यासारखा. रसिकाने कानात हेडफोन खुपसले. स्वतःचा कॅमेरा आणि आवाज बंद ठेवला. मीटिंग सुरू झाली.

इकडे सरूबाईला धंद्याची काळजी. पाटीतला बर्फ पाणी होऊन काकांच्या चपलेखाली चालला होता. तिने एक पापलेट शेपटीला धरून फटीपाशी नेलं.

"अनुष्काबाय, बघ. डोळं बघ कसं हायत. आत्ताची बोट हाय."

"जरा मोठे नाहीत?"

"मोठं जाळीतून न्हाय जायचं, बाय. जाईल तेवढंच घे."

आणि लिफ्टच्या फटीतून बाजार सुरू झाला. बातमी पसरली तशी वरच्या मजल्यांवरून आणखी पाय आले. मोज्यातले, मेंदी लावलेले, एक नुसतेच भेगाळलेले. कुणी बोंबील मागत होतं, कुणी 'आंटी, झिंगा है क्या' विचारत होतं. सरूबाई फटीतून वर मासे देत होती, आणि मधल्या मध्ये काका, हात वर केलेले, नाकाखालून बोंबील जाताना सहन करत होते. ते स्वतः बोंबिलांचे भक्त. पण नियम म्हणजे नियम.

"काका, नुसते उभे काय राहता?" अनुष्का म्हणाली. "जितेश येईपर्यंत उद्या उजाडेल. वर मशीनरूममध्ये ते चाक आहे ना, हाताने फिरवायचं? नाथाला सांगा. त्याला येतं."

नाथा वॉचमन. पोलादपूरकडचा, आज्ञाधारक माणूस. इतका आज्ञाधारक, की 'थांब' म्हटलं तर एक पाय हवेत ठेवून थांबेल.

"मशीनरूमची चावी कुठाय?" रसिकाने विचारलं.

काका घुटमळले. मग म्हणाले, "माझ्याकडे."

चावीचा इतिहास असा. पूर्वी ती खाली केबिनमध्ये असायची. मग अमोलने एकदा ती नेऊन मशीनरूममध्ये गणपतीचं मखर ठेवलं, आणि ते पुढच्या गणपतीपर्यंत तिथेच राहिलं. त्यावर सर्वसाधारण सभेत ठराव झाला: चावी एकच राहील, ती सेक्रेटरीच्या अंगावर राहील. सेक्रेटरी ती फक्त नाथाच्या हातात देईल, आणि काम झालं की नाथा ताबडतोब ती सेक्रेटरीच्याच हातात परत करील. तेव्हा काकांनी चावी कमरेच्या करगोट्याला बांधली होती. तिथेच ती होती.

"मग काढा!"

"बायकांच्यात?"

"आम्ही न्हाय बघत," सरूबाई म्हणाली आणि डोळ्यांवर पदर घेतला.

काकांनी लॅपटॉप सरूबाईच्या हातात दिला, भिंतीकडे तोंड केलं आणि पायजम्याची नाडी सैल केली. भिंतीवर आरसा होता. त्यामुळे जे कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी पाठ फिरवली, ते चौथ्या मजल्यावरच्या सगळ्या पायांच्या मालकिणींना समोरून दिसलं.

"चला, द्या इकडे," अनुष्काने फटीतून हात घातला.

"तुझ्या हातात नाही देणार. ठराव आहे. नाथा!"

नाथा खाली पंप चालू करत होता. त्याला ऐकू जाईना. खालून अंबिकाताई ओरडल्या, त्यांच्याही आवाजाला पंपाने उत्तर दिलं.

"आण हिकडं," सरूबाईने चावी काकांच्या हातातून घेतली आणि अनुष्काच्या पापलेटच्या पिशवीत टाकली. "आता ही पिशवीत हाय. तिच्या हातात न्हाय. झाला तुझा ठराव?"

काकांनी विचार केला. नियमात बसत होतं. त्यांनी मान डोलावली, आणि पिशवी वर गेली.

नाथाला बोलवायला पायांची एक जोडी खाली गेली, पण तो वर येईपर्यंत उभं कोण राहणार? मासे खराब होतील म्हणून अनुष्काने पिशवी नेऊन फ्रीजरमध्ये कोंबली, दार लावलं आणि वाटण करायला मिक्सर लावला. नाथा धापा टाकत चौथ्यावर आला तेव्हा तिथे एकही पाय नव्हता. सगळ्यांचे मासे घेऊन झाले होते.

"चावी, साहेब?" नाथाचे खाकी मोजे फटीत आले.

"पिशवीत आहे."

"पिशवी कुठाय?"

"अनुष्काकडे. बेल वाजव!"

नाथा बेल वाजवत राहिला. आतून मिक्सर वाजत राहिला.

रसिकाच्या कानात याच सुमारास सुचेता मॅडमचा आवाज होता. "रसिकाचा रिपोर्ट आपण पाच मिनिटांत ऐकू. रसिका, आहेस ना?" ती काय सांगणार होती? बसत नाही, हेच. महिनाअखेर, आई, घरी. ढग पुन्हा एकदा बघावा म्हणून तिने सरूबाईच्या हातातला लॅपटॉप परत काकांना उंच धरायला दिला आणि स्क्रीन स्वतःकडे वळवली. स्क्रीनवर मॅडमचा राखाडी ढग, तिच्या प्रोग्रॅममधून निघालेला, खाली एक फुगवटा, उजव्या अंगाला एक वाकडं शेपूट.

"ह्ये काय हाय, बाय?" हात मोकळे झाल्यावर सरूबाईने तिच्या झोळीतून डोकावणारा पिवळा ठोकळा उपसला होता. "आलं हाय? मी आलं-लसूण पन ठेवताव, पन असलं पिवळं आलं न्हाय बघितलं." आणि तिने तो तोलून बघावा तसा हातात घेऊन आरशाकडे उजेडात धरला.

रसिकाने सहज आरशात पाहिलं.

आरशात, 'कै.'च्या खाली, सरूबाईचा हात. हातात ठोकळा. खाली फुगवटा. उजव्या अंगाला वाकडं शेपूट.

तिने स्क्रीनकडे पाहिलं. मग आरशाकडे. मग सरूबाईच्या खऱ्या हाताकडे. खऱ्या हातातल्या ठोकळ्याचं शेपूट डावीकडे होतं.

"मावशी, हलू नका."

"पाल हाय काय?"

"हलू नका फक्त. जरा फिरवा. हळूहळू. तसंच."

कसाही फिरवा, हातातला ठोकळा ढगासारखा होईना. आरशातला मात्र बरोब्बर ढगासारखा होत होता. म्हणजे सांगाडा बरोबर होता. ढगही बरोबर होता. फक्त दोघांत डाव्या-उजव्याचा फरक होता. उजवा हातमोजा डाव्या हातात घालत होती ती इतके दिवस, आणि बोटं मोजत होती.

आणि उलटं कुणी केलं, हेही तिला त्याच क्षणी कळलं. मॅडमची माहिती लांबी-रुंदी-उंची अशा क्रमाने यायची, सरांना उलट्या क्रमाने लागायची. तिच्या प्रोग्रॅमने लिहिण्याचा क्रम बदलताना लांबी आणि उंची या बाजूंचीच अदलाबदल केली होती. व्यवस्थित दिसावं म्हणून. आणि दोन बाजूंची अदलाबदल केली की वस्तू आरशातली होते. शाळेतली गोष्ट. ढग इतका धूसर, की त्यातले जिन्यासारखे पिळे उजवीकडे वळतायत की डावीकडे, ते नजरेला समजतच नव्हतं. आणि खऱ्या जगातल्या प्रोटीनमध्ये ते उजवीकडेच वळतात. तिचे डावीकडे वळत होते. तिने डाव्या हाताचं प्रोटीन तयार केलं होतं.

चूक मॅडमची नव्हती. सरांचीही नव्हती. मधल्या बाईची होती.

तरीही तिला इतका आनंद झाला, की सरूबाईला मिठी मारावी. कुबडी आणि पाटी मध्ये आली म्हणून राहिलं. प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलायची, बस! आत्ता सांगते, असं म्हणून तिने हेडफोन घट्ट केले. तेवढ्यात कानात उत्तम सर बोलायला लागले.

"रिपोर्टच्या आधी मला एक बोलायचंय." सरांचा आवाज पडलेला होता. तो आवाज तिने कधी ऐकला नव्हता. "मी आयुष्यात कुणापुढे वाकलो नाही. पण प्रोजेक्ट बंद पडायला नको. आमच्या टीमने खूप प्रयत्न केला. आमचा सांगाडा आम्ही मॅडमच्या ढगाप्रमाणे वळवून घेतलाय. सॉफ्टवेअर जागोजागी लाल खुणा करतंय. आम्ही त्या बंद करून ठेवल्या. आता जुळतंय."

या भल्या माणसाने आपलं बरोबर प्रोटीन मोडून, पिळून, डावखुरं केलं होतं.

सुचेता मॅडमचा आनंद हेडफोनमधून सांडत होता. "उत्तम, मला माहिती होतं! मायक्रोस्कोप कधी खोटं बोलत नाही. आणि हे सगळं श्रेय रसिकाच्या प्रोग्रॅमचं. रसिका, ऐकतेयस? तुझं एक्स्टेन्शन मी आजच पुढे पाठवते. पेपरही पाठवू या आठवड्यात."

अडकणं म्हणजे काय, हे रसिकाला लिफ्ट बंद पडली तेव्हा कळलं नव्हतं. आत्ता कळलं. गप्प बसली तर नोकरी पक्की. आई खालच्या मजल्यावर पेढे वाटेल. आणि पेपर निघाल्यावर कुठल्यातरी देशातला कुणीतरी पोरगेलेसा माणूस म्हणेल, ही काय गंमत, यांचं प्रोटीन आरशातून आलंय. बोलली तर...

"काय झालं? तोंड का पडलं?" काकांनी विचारलं. त्यांनी लॅपटॉप परत डोक्यावर घेतला होता.

"नोकरी मिळाली, काका."

"मग?"

"चुकून मिळाली."

काकांनी एकदा फटीकडे बघून घेतलं. "मी पण चुकूनच सेक्रेटरी झालोय. अमोलची दोन मतं बाद झाली होती." मग घाईने म्हणाले, "हे कुणाला बोलू नकोस."

"दोन नव्हे, तीन!" बंद दारामागून अमोल ओरडला. मिक्सर थांबला होता.

रसिकाने काकांकडे बघितलं. वर्षानुवर्षं हा माणूस चावी करगोट्याला बांधून फिरतोय, त्याचं कारण तिला आत्ता समजलं. चुकून मिळालेलं असंच धरून ठेवावं लागतं. तिने हात उंचावून आवाजाचं बटण दाबलं.

मीटिंगला पहिलं जे ऐकू गेलं ते सरूबाईचं, "ह्ये आलं न्हाय तर काय हाय मंग?"

"मॅडम, मी रसिका. एक्स्टेन्शनच्या आधी एक सांगायचंय."

"रसिका? कुठे आहेस तू? विहिरीतून बोलल्यासारखं येतंय."

"लिफ्टमध्ये अडकलेय. मॅडम, आपला ढग उलटा आहे. माझ्या प्रोग्रॅमने त्याची आरशातली प्रतिमा केलीय. सर, तुमचा आधीचा सांगाडा बरोबर होता. तो परत आणा. कृपा करून परत आणा."

उत्तम सरांचा आवाज आला, हळूहळू जिवंत होत गेलेला. "म्हणजे मी आधीपासून बरोबर होतो?"

"हो सर."

"परत म्हण."

"तुम्ही बरोबर होतात, सर."

"जरा थांब. रेकॉर्डिंग लावतो. हां, आता म्हण."

"आणि माझा मायक्रोस्कोप?" मॅडम कडाडल्या.

"तोही बरोबर, मॅडम."

"मग चुकलं कोण?"

"मी."

इतक्या वर्षांत मॅडम आणि सर पहिल्यांदाच दोघंही बरोबर निघाले होते, आणि आता एकमेकांशी काय बोलावं हे त्यांना सुचत नसावं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "उत्तम, तुम्ही जरा दुसऱ्या कॉलवर या." दोघं गेले. रसिका वाट बघत राहिली.

इथे वर गलका झाला. अनुष्काने दार उघडलं होतं. नाथाने पिशवी मागितली होती. चावी पापलेटला चिकटून गोठली होती, ती गरम पाण्याखाली धरून सोडवावी लागली. खवले लागलेली चावी घेऊन नाथा गच्चीकडे धावला.

"रसिका," मॅडम परत आल्या. "आम्ही दोघांनी ठरवलंय. तुझं एक्स्टेन्शन..."

लिफ्टने झटका खाल्ला. नाथा चाक फिरवत होता. लिफ्ट खाली निघाली. स्क्रीनवरच्या मॅडम तोंड उघडं ठेवून गोठल्या, मग गोल फिरणारं चक्र आलं, मग काहीच नाही. फट मिटली. समोर तिसरा मजला आला. अंबिकाताई हात पसरून उभ्या होत्या.

"आलीस गं बाई! काय ठरलं?"

"परत वर!" रसिका किंचाळली. "वर घ्या! अनुष्काच्या वायफायपर्यंत!"

"अगं पण उतर तरी..."

"प्लास्टर घेऊन जिना चढेपर्यंत मीटिंग संपेल, आई! मावशी, काका, तुम्हाला उतरायचं असेल तर उतरा."

"तिसऱ्यावर उतरून काय करू?" काका म्हणाले. "मला सातव्यावर जायचंय. गुडघे माझे."

"माझं पन मासं वरच द्यायचं हायत," सरूबाईने पाटी पायाने आत ओढली.

अंबिकाताईंनी वर तोंड करून आरोळी दिली, "वर!" अनुष्काने ती झेलली, पाचव्याने सहाव्याला दिली, सातव्यावरून मिनलने गच्चीकडे फेकली. जाळी लागली. लिफ्ट इंचाइंचाने वर सरकली. स्लॅब आला. मग फट. मग चपलांचं स्टँड. मग हिरवे दिवे, आणि मॅडमचं तोंड हललं.

"थांब!" रसिका ओरडली.

"थांब!" अनुष्का ओरडली. "थांब! थांब!" मजल्यामागून मजला. लिफ्ट थांबली. बरोबर मधोमध.

"...ऐकू येतंय ना आता? एक वर्ष वाढवतोय. उत्तम म्हणतात, ज्या मुलीने मला बरोबर ठरवलं तिला सोडायचं नाही. पण तू त्यांच्या टीममध्ये नाही, आणि माझ्याही नाही. तू मध्ये राहायचं. आम्हा दोघांच्या मध्ये. वाद झाला की बोट दाखवायला मध्ये कुणीतरी लागतंच. आज बघितलंच आपण. चालेल ना?"

"चालेल, मॅडम," रसिका म्हणाली. दुसरं काय म्हणणार? मीटिंग संपली.

तिने भिंतीला टेकून डोळे मिटले. एक वर्ष. "काका, आता सांगा नाथाला. वर घे म्हणावं."

काकांनी फटीकडे मान वळवली. तिथे खाकी मोजे उभे होते. नाथा वाकला. तोंडभर घाम, चेहऱ्यावर काम चोख केल्याचं समाधान. त्याने जाळीतून हात घातला.

"साहेब, मशीनरूमला कुलूप लावलं. ही चावी. तुमच्याच हातात."

काकांचा हात सवयीने पुढे गेला. चावी तळहातावर पडली. अजून गार होती.

"पंप बंद करायचाय, टाकी वाहतेय," म्हणून खाकी मोजे धावत जिन्याने दिसेनासे झाले.

"अहो, द्या ती चावी माझ्याकडे," अनुष्काने फटीतून हात लांब केला. "मी नेऊन देते त्याला."

काकांनी चावी मुठीत घट्ट धरली आणि रसिकाकडे पाहिलं. रसिकाने सरूबाईकडे पाहिलं. सरूबाईने पाटीत पाहिलं. पिशवी एकही उरली नव्हती.

"नाथालाच बोलवा," काका म्हणाले, आणि आरशाकडे तोंड करून नाडी सोडायला लागले.